सोयाबीन-तुरीच्या रानात दुसरा पैसा: कोरडवाहू शेतकऱ्यानं जोडधंदा कसा सुरू करावा

लातूर, धाराशिव, बीडकडच्या कोरडवाहू शेताचं वर्ष साधारण ठरलेलं असतं. मिरग बरसला की सोयाबीन पेरायचं, त्यात तुरीच्या ओळी टाकायच्या. दसरा-दिवाळीला सोयाबीन विकायचं, संक्रांतीच्या आगेमागे तूर. म्हणजे घरात पैसा येतो तो वर्षातून दोनदा. किराणा, दवाखाना, मोटारसायकलचं पेट्रोल, पोरांची फी यांना मात्र महिना-वार काही नसतो.

अशा घराला ‘जोडधंदा करा’ असं सांगणारे खूप भेटतात. कोणता, किती आणि कोणत्या महिन्यात, हे सांगणारे कमी. हा लेख त्यासाठी आहे. दोन ते पाच एकर रान, विहिरीला जेमतेम माघापर्यंत पाणी, घरात कामाची दोन-तीन माणसं आणि हाताशी तीस-चाळीस हजार रुपये, असं घर समोर ठेवून लिहिलंय. बारमाही पाणी असलेल्या बागायतदाराचं गणित वेगळं आहे.

सुरुवातीलाच एक गोष्ट पक्की करू. सोयाबीनऐवजी निम्म्या रानात उडीद पेरला, तर पीक बदललं, पाऊस तोच राहिला. ऑगस्टात तीन आठवडे उघडीप पडली की दोन्ही पिकं एकदमच माना टाकतात. त्यामुळे कुठल्याही नव्या धंद्याला दोन प्रश्न विचारायचे. याचा पैसा कोणत्या महिन्यात हातात येईल? आणि पाऊस रुसला तरी येईल का? दोन्हींची उत्तरं धड नसतील, तर तो धंदा कितीही गाजत असो, आपल्या घरासाठी तो दुसरा पैसा नव्हे.

आधी बारा महिन्यांचा कागद

काहीही विकत घेण्याआधी एका कागदावर बारा महिने लिहा. प्रत्येक महिन्यापुढे दोन आकडे: किती आले, किती गेले. गेल्या वर्षीचंच आठवून लिहा. दुकानदाराची उधारीची वही आणि बँकेचं पासबुक समोर ठेवलं की बरंच आठवतं.

बहुतेक घरांत या कागदावर दोन खड्डे दिसतात. पहिला जूनमध्ये: बियाणं, खत, पेरणीचं ट्रॅक्टर, वह्या-पुस्तकं. दुसरा ऑगस्ट-सप्टेंबरात: फवारणी, खुरपणीची मजुरी, पोळा, गौरी-गणपती. हे खड्डे आपण कशानं भरतो, तेही लिहा. बऱ्याच ठिकाणी उत्तर असतं ‘आडत्याकडून उचल’. खरं नुकसान त्यातच आहे. उचल घेतली की सोयाबीन त्याच्याच दारात न्यावं लागतं, तेही मळणी झाल्या झाल्या, ओलं असतानाच. हमीभावाच्या खरेदीला ओलावा सर्वसाधारणपणे १२ टक्क्यांच्या आत लागतो. ओला माल घेताना व्यापारी भाव पाडतो आणि वर वजनातही घट धरतो. माल चार दिवस उन्हात वाळवायला आणि दोन-तीन आठवडे थांबायला जागा असते, फक्त हातात दहा-पंधरा हजार नसतात.

म्हणून सप्टेंबरात आलेल्या दहा हजारांची किंमत दहा हजारांपेक्षा जास्त असते. समजा पंधरा क्विंटल सोयाबीन आहे आणि थांबल्यामुळे क्विंटलमागे तीनशे रुपये जास्त मिळाले. साडेचार हजार झाले. हे पैसे शेळीनं किंवा कोंबडीनं दिले असं कुणी वहीत लिहीत नाही, पण दिलेले त्यांनीच असतात.

जे पिकतं तेच वेगळं विकून बघा: तुरीची डाळ

नवीन धंद्यात उडी मारण्याआधी घरातल्या मालाकडे बघा. तूर आपण जानेवारीत पोत्यानं विकतो आणि जूनमध्ये डाळ किलोनं विकत आणतो. मधला फरक कुणाच्या तरी खिशात जातो. तो आपल्याकडे वळवता येतो, पण वाटतं तितक्या सहज नाही. आकडे मांडून बघू.

२०२५-२६ च्या हंगामासाठी तुरीची आधारभूत किंमत क्विंटलला ८,००० रुपये जाहीर झाली. बाजारात त्याहून कमी मिळते तेव्हा हिशेब आणखी सोपा होतो, पण आपण कडक हिशेब करू आणि तूर आठ हजारांचीच धरू. एक क्विंटल तुरीतून चांगल्या गिरणीत ७० किलोच्या आसपास डाळ निघते. उरलेल्यात चुनी (डाळीचा चुरा) आणि टरफल. भरडाई किलोला सहा रुपये धरली तर सहाशे, पिशव्यांचे किलोला चार रुपये धरले तर २८०, आणि ने-आण तीनशे. खर्च ११८० रुपये. चुनीचे तीनशे रुपये येतात असं समजा.

डाळ १३० रुपये किलोनं गेली तर ९,१०० अधिक ३००, वजा ११८०. राहिले ८,२२०. म्हणजे एवढी धावपळ करून फक्त २२० रुपये जास्त! हीच डाळ थेट घरोघरी १५० नं गेली तर राहतात ९,६२०, म्हणजे क्विंटलमागे १,६२० रुपयांचा फायदा. आणि गिरणी सुमार निघाली, डाळ ७० ऐवजी ६५ किलोच पडली, तर तोच फायदा ८९० वर येतो. पाच किलोंनी निम्मा नफा खाल्ला.

हे आकडे धरलेले आहेत, तुमच्या भागातले आकडे घालून पुन्हा मांडा. तरी दोन गोष्टी कुठेही बदलणार नाहीत. डाळ किराणा दुकानदाराला घाऊक दिली तर यात काही उरत नाही. आणि गिरणी निवडताना भरडाईच्या दरापेक्षा उतारा, म्हणजे क्विंटलमागे किती डाळ पडते, तो महत्त्वाचा. पहिल्यांदा एकच क्विंटल न्या. समोर वजन करून द्या, डाळ, चुनी, टरफल तिन्ही वजन करून परत घ्या. मध्ये दोन-तीन दिवस तेल-पाणी लावून उन्हात वाळवणं असतं, त्यामुळे ‘आज टाका, आज घेऊन जा’ म्हणणाऱ्या गिरणीत तुकडा जास्त पडतो. अकोल्याच्या डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठानं छोट्या प्रमाणासाठी ‘पीकेव्ही मिनी दाल मिल’ बनवली आहे. बऱ्याच गावांत बचत गटांकडे किंवा शेतकरी कंपनीकडे अशा गिरण्या आहेत, आधी तिथे चौकशी करा. स्वतः गिरणी घ्यायचा विचार दोन हंगाम तरी बाजूला ठेवा. आपल्या पाच क्विंटलसाठी ती दोन दिवस चालेल आणि वर्षभर धूळ खाईल.

गिऱ्हाईक कुठून आणायचं? इथे लोक उगाच घाबरतात. चार माणसांच्या घराला महिन्याला दोन किलो तूरडाळ लागते असं धरा, वर्षाला चोवीस किलो. पंधरा घरांना ३६० किलो. म्हणजे पाच क्विंटलच्या थोडी वर तूर. आंतरपिकातली आपली सगळी तूर पंधरा घरांत संपते! गावातली किती माणसं पुण्यात, पिंपरी-चिंचवडला, भोसरीला कामाला आहेत ते मोजा. त्यांतल्या दोघांच्या सोसायटीत डाळ पोचली तरी पंधरा घरं होतात. दुकान, वेबसाइट, ब्रँड यांतलं काहीही लागत नाही.

पाच किलोची पिशवी ठेवा. एक किलोच्या पिशव्यांत वेळ आणि प्लॅस्टिक दोन्ही जातं. डाळ पॉलिश करू नका, शहरातल्या गिऱ्हाइकाला बिनपॉलिशची हवी असते आणि तिथेच तुमचा दर टिकतो. मात्र ती दिसायला मळकट असते आणि शिजायला कधी जास्त वेळ घेते, हे आधीच सांगून टाका. सगळी तूर एकदम भरडू नका, तशी ती फार दिवस अख्खीही ठेवू नका. अख्ख्या तुरीला भुंगा लवकर लागतो. मार्चच्या कडक उन्हात तूर खणखणीत वाळवून भरडून घेतलेली आणि घट्ट झाकणाच्या पिंपात ठेवलेली डाळ पावसाळ्यातही चांगली राहते. आणि मार्चमध्ये भरडलेली डाळ मार्च ते जून विकली जाते, म्हणजे पेरणीच्या खड्ड्याच्या तोंडावर पैसा येतो.

चुनी विकायची की ठेवायची, ते पुढच्या पायरीवर ठरतं.

शेळ्या: चारपासून सुरुवात

शेळीपालनाचे व्हिडिओ बघितलेत तर शेड, जाळी, वीस शेळ्या आणि परदेशी बोअर जातीचा एक बोकड असं चित्र डोक्यात असेल. ते पुसून टाका. पहिल्या वर्षी चार शेळ्या, त्याही आपल्याच भागातल्या. मराठवाड्यात उस्मानाबादी, नगर-नाशिककडे संगमनेरी, विदर्भात बेरारी, कोकणात कोकण कन्याळ. उस्मानाबादीला जुळी करडं होण्याचं प्रमाण चांगलं आहे, उन्हाळा ती काढते, आणि तिला गिऱ्हाईक गावातच असतं.

बाजारातून घेण्यापेक्षा शेतकऱ्याच्या दारातून घ्या. बाजारात दहा गावच्या शेळ्या तोंडाला तोंड लावून उभ्या असतात, रोग तिथूनच येतो. दात बघा: दोन दाती म्हणजे वर्ष-सव्वा वर्षाची, चार दाती म्हणजे दोनच्या आसपास. सड दोन्ही सारखे आणि मऊ हवेत. मागचा भाग बरबटलेला नको, म्हणजे हगवण नाही. शक्यतो एकदा व्यालेली, पुन्हा गाभण असलेली घ्या. आणली की तीन आठवडे घरच्या जनावरांपासून लांब बांधा.

आता वेळेचं गणित, या धंद्यातला सगळ्यात दुर्लक्षित भाग. शेळी पाच महिन्यांत विते. मे-जूनमध्ये माजावर आलेली शेळी फळवली तर ऑक्टोबर-नोव्हेंबरात विते. त्या वेळी पाऊस ओसरलेला असतो, रानात चारा मुबलक असतो, सोयाबीन-तुरीची गुळी (मळणीनंतरचा भुसा) येणार असते. करडं चिखलात आणि सर्दीत सापडत नाहीत. आणि जून-जुलैत ती सात-आठ महिन्यांची झालेली असतात. पुढे आखाड लागतो. श्रावणाच्या आधी लोक मटणावर तुटून पडतात, बोकडाला भाव असतो, आणि नेमकं तेव्हाच आपल्याला खत-बियाण्याची देणी असतात. श्रावण लागला की भाव बसतो. म्हणून ‘शेळी कधीही विते, कधीही विका’ हे म्हणणं सोडा. माज आला की शेपटी सारखी हलते, शेळी ओरडते, चाऱ्यावर लक्ष नसतं. तारीख लिहून ठेवा. साधारण एकवीस दिवसांनी पुन्हा माज आला तर ती गाभण राहिली नाही.

बकरी ईदचा बाजार वेगळा. तिथे वर्षाच्या वरचा धडधाकट, व्यंग नसलेला बोकड लागतो आणि भाव चांगला मिळतो. पण ईद दरवर्षी दहा-अकरा दिवसांनी अलीकडे सरकते. आज जन्मलेलं करडू कोणत्या ईदला वर्षाचं होईल, हे बघून मगच ठेवा. वर्षभर खाऊ घालून ईद हुकली तर तो बोकड साध्या भावानं जातो.

चार शेळ्यांना बोकड ठेवू नका, तो बारा महिने खातो. गावातला चांगला बोकड वापरा, पण त्याच बोकडापासून झालेल्या पाटीला (मादी करडाला) पुन्हा तोच लावू नका. रक्त जवळ आलं की करडं किरकोळ होतात.

मरतूक सांभाळली तरच धंदा आहे. करडू पडलं की पहिल्या तासाभरात चीक पोटात गेला पाहिजे. ‘वार पडेपर्यंत पाजायचं नाही’ ही जुनी समजूत अजूनही काही घरांत आहे, ती मोडा. नाळेला आयोडीन लावा. लसींपैकी दोन चुकवू नका. पीपीआर या साथीच्या रोगाची, कारण तो कळपात शिरला की नाक वाहणं, ताप आणि हगवण यांनी आठवड्यात निम्मी दावण रिकामी होते. आणि आंत्रविषार, ती पावसाळ्याआधी मे महिन्यात. पहिल्या पावसानंतर रानात लुसलुशीत गवत येतं, शेळ्या अधाशासारख्या खातात आणि धष्टपुष्ट करडू सकाळी मरून पडलेलं दिसतं. लोक म्हणतात नजर लागली. पावसाच्या पहिल्या पंधरवड्यात शेळ्यांना घरून थोडी वाळली गुळी खाऊ घालूनच सोडा. लसीसाठी गावच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात आधीच नाव द्या. अडीनडीला १९६२ या टोल फ्री क्रमांकावर फिरत्या दवाखान्याची सोय आहे.

चारा विकत घ्यावा लागला तर चार शेळ्याही परवडत नाहीत. बांधाला शेवरी, सुबाभूळ लावा. सुबाभूळ एकूण चाऱ्याच्या तिसऱ्या हिश्श्यापेक्षा जास्त नको, केस गळतात. तुरीची गुळी पावसात भिजू न देता साठवा. डाळीची चुनी इथे कामाला येते: गाभण आणि दूध पाजणाऱ्या शेळीला रोज मूठ-दोन मूठ. मात्र मळणी चालू असताना शेळी सुटून धान्याच्या राशीवर गेली तर पोट फुगून मरते. खळं आणि दावण यांत अंतर ठेवा.

विकताना नजरेनं देऊ नका. तीनशे-चारशे रुपयांचा टांगता काटा मिळतो, तो घ्या. व्यापारी करडाच्या पाठीवर हात फिरवून ‘चौदा किलो’ म्हणतो, काटा अठरा दाखवतो. जिवंत वजनाला समजा चारशेचा दर असेल तर एका करडामागे सोळाशे रुपये त्या हात फिरवण्यात गेले असते. चार शेळ्यांना वेळ साधून फळवल्यावर पहिल्या वेतात सहा करडं झाली, पाच जगली, तीन नर विकले आणि दोन पाटी ठेवल्या, तर अठरा किलोप्रमाणे एकवीस हजारांच्या पुढे येतात. वर्षभराचं औषधपाणी त्यातून वजा करा. फार मोठी रक्कम नाही, पण ती जूनमध्ये येते.

कोंबड्या: आठवड्याचा पैसा

शेळी वर्षातून एकदा पैसा देते, कोंबडी दर आठवड्याला. पंधरा-वीस कोंबड्या आणि दोन कोंबडे एवढंच करा, त्यापुढे खाद्य विकत आणावं लागतं आणि गणित बदलतं.

गावठी कोंबडी वर्षाला साठ-ऐंशी अंडी देते. गिरीराज, वनराजा, ग्रामप्रिया या सुधारित जाती बऱ्याच जास्त देतात, पण त्या सहसा खुडूक (अंडी उबवायला) बसत नाहीत. म्हणून दोन-तीन गावठी खुडूक कोंबड्या ठेवायच्या आणि त्यांच्याखाली सुधारित कोंबड्यांची अंडी घालायची. आठवड्याच्या आतली दहा-बारा अंडी, एकवीस दिवस. पिल्लं विकत आणली तर पहिले तीन आठवडे ऊब द्यावी लागते. थर्मामीटर नसला तरी चालतं: पिल्लं बल्बखाली एकमेकांवर चढली तर गारठलीत, बल्बपासून लांब पळून चोची उघडून बसली तर भाजतायत. बल्ब वर-खाली करून जुळवा.

कोंबड्यांचा खरा काळ म्हणजे मानमोडी, म्हणजेच राणीखेत रोग. एका गावात शिरली की पाच दिवसांत खुराडी रिकामी. सातव्या दिवशी लासोटा लसीचा थेंब डोळ्यात किंवा नाकात, आणि आठव्या आठवड्याच्या आसपास आर-टू-बी ही लस. अडचण अशी की लसीची बाटली शंभर-दोनशे पक्ष्यांची असते आणि फोडली की दोन तासांत संपवावी लागते. वीस कोंबड्यांसाठी कोण आणणार? म्हणून गल्लीतल्या आठ-दहा घरांनी एकच दिवस ठरवायचा, थर्मासमध्ये बर्फ घालून लस आणायची आणि संध्याकाळी पक्षी खुराड्यात आले की सगळ्यांचं एकदम उरकायचं. शेजाऱ्याच्या कोंबड्यांना लस नसेल तर तुमच्या लसीचाही अर्धाच उपयोग. बचत गटाची बैठक यासाठी बरी पडते.

रात्री खुराड्याला बारीक जाळी आणि खालून फरशी हवी. रानमांजर शिरलं तर एका रात्रीत खुराडं रिकामं होतं.

बाकीचे मार्ग, थोडक्यात

पाणी मे महिन्यापर्यंत पुरत असेल तर तुतीचं एक एकर आणि रेशीम हा कोरडवाहू पट्ट्यातला फार चांगला धंदा आहे. बीड-जालना भागात तो रुजलाय, जालन्यात कोषांचा बाजार भरतो, आणि चॉकी (रेशीमकिड्याच्या लहान अळ्या) आणून महिन्याभराच्या आत कोष तयार होतात, म्हणजे पैसा वर्षातून अनेकदा. पण शेजारच्या रानात कीटकनाशक फवारलं आणि वाऱ्यानं तुतीवर आलं, तर सगळी बॅच जाते. बांधकऱ्याशी बोलणं नसेल तर या वाटेला जाऊ नका.

हाताशी ट्रॅक्टर किंवा फवारणीचं यंत्र आधीच असेल तर भाड्यानं कामं घ्या. फक्त भाड्यासाठी कर्जानं यंत्र घेऊ नका, गावात सगळ्यांना ते एकाच आठवड्यात लागतं आणि भाडं दिवाळीत मिळतं.

कृषी पर्यटनाचं राज्याचं धोरण २०२० मध्ये आलं आणि पुणे, मुंबईपासून दोन-तीन तासांवरच्या शेतांना ते साधलं. लातूरच्या आतल्या गावात, जिथे शेतापर्यंत रस्ताच पावसाळ्यात बंद असतो, तिथे याचं स्वप्न बघण्यात अर्थ नाही.

‘आम्हीच परत विकत घेऊ’ म्हणणारे

नव्यानं सुरू करणाऱ्याचं सगळ्यात जास्त नुकसान रोगानं होत नाही, ते योजनांनी होतं. २०१२ च्या सुमारास तमिळनाडूपासून महाराष्ट्रापर्यंत इमू पक्षीपालनाचा फुगा फुटला. २०१९ मध्ये सांगली जिल्ह्यातून कडकनाथ कोंबड्यांचं प्रकरण बाहेर आलं. दोन्हींत साचा एकच होता: पिल्लं महागात विकायची, अंडी-पक्षी चढ्या भावानं परत घेण्याचा करार करायचा, आणि पहिल्या काहींना पैसे देऊन त्यांचे फोटो फिरवायचे. कडकनाथ ही मध्य प्रदेशातल्या झाबुआची चांगली, जुनी जात आहे, दोष तिचा नव्हता. नव्या शेतकऱ्यांच्या पैशांतून जुन्यांचे पैसे भागवले जात होते.

कसोटी सोपी आहे. ज्यानं तुम्हाला पिल्लं, रोपं किंवा यंत्र विकलं, तो सोडून हा माल घेणारे तालुक्यात आणखी तीन जण दाखवता येतात का? कोरफड असो, चंदन असो, ड्रॅगन फ्रूट असो, हाच प्रश्न. शेळीला हे तीन जण गावाच्या बाजारातच मिळतात, म्हणूनच ती कंटाळवाणी असली तरी चालते.

अनुदानाचंही तसंच. राष्ट्रीय पशुधन अभियानात शेळीपालनाला ५० टक्के भांडवली अनुदान आहे, पण सगळ्यात लहान गट १०० शेळ्या आणि ५ बोकडांचा. चार शेळ्या कधी सांभाळल्या नसताना अनुदानासाठी शंभर आणणं म्हणजे कर्जाला आमंत्रण. प्रक्रिया उद्योगांसाठी २०२० मध्ये सुरू झालेल्या पीएमएफएमई (प्रधानमंत्री सूक्ष्म अन्न प्रक्रिया उद्योग) योजनेत यंत्रसामग्रीला ३५ टक्के, कमाल १० लाखांपर्यंत अनुदान ठेवलं आहे, पण ते बँकेच्या कर्जाला जोडलेलं आहे. रोख हातात येत नाही आणि कर्जाचा हप्ता मात्र आपल्यालाच भरावा लागतो. सध्या काय चालू आहे आणि अटी काय आहेत, ते तालुका कृषी कार्यालयात किंवा कृषी विज्ञान केंद्रात विचारा. ‘फाइल करून देतो, दहा टक्के द्या’ म्हणणाऱ्याला नको.

कागद

चार शेळ्या आणि वीस कोंबड्यांना काही लागत नाही. डाळ पिशवीत भरून विकायची तर अन्नसुरक्षा विभागाची नोंदणी घ्या. ती फॉसकॉस या संकेतस्थळावर होते, छोट्या उद्योगाचं शुल्क वर्षाला शंभर रुपये आहे. सेतू केंद्रात भरून घेतलं तर भरणावळ वेगळी द्या, पण शुल्काची पावती मागा. पिशवीवर मालाचं नाव, निव्वळ वजन, पॅकिंगची तारीख, कधीपर्यंत वापरावा, किंमत, तुमचा पत्ता, नोंदणी क्रमांक आणि हिरवा ठिपका हवा. छापायला महाग वाटलं तर स्टिकर करा. उद्यम नोंदणी पूर्ण मोफत आहे, त्याचे पैसे मागणारी संकेतस्थळं सरकारी नसतात. किसान क्रेडिट कार्ड पशुपालनालाही मिळतं, शेळ्या वाढवायची वेळ येईल तेव्हा सावकाराआधी बँकेत जाऊन विचारा.

काम कुणाचं, खातं कुणाचं

यावर लेखांमध्ये कुणी लिहीत नाही, म्हणून थोडं सविस्तर. शेळ्या, कोंबड्या आणि डाळ, तिन्ही कामं बहुतेक घरांत बाईच्या अंगावर पडतात. ती आधीच पहाटे पाचला उठून रात्री दहाला आडवी होत असते. चार शेळ्या म्हणजे रोजचे अडीच-तीन तास: झाडलोट, पाणी, चारा, सोडणं-बांधणं. हे तास कुठून येणार, ते आधी घरात बसून ठरवा. चाऱ्याचं ओझं कोण आणणार, दवाखान्यात कोण जाणार, म्हाताऱ्या सासऱ्यांना शेळ्यांमागे फिरणं जमेल का. ते न ठरवता शेळ्या आणल्या की चौथ्या महिन्यात ‘आमच्याच्यानं होत नाही’ म्हणून त्या पडत्या भावात जातात. त्या वेळी धंद्याला नावं ठेवली जातात.

आणि जिचे हात त्यात आहेत, पैसा तिच्या खात्यात जावा. बचत गटातून ‘उमेद’ या सरकारी अभियानाशी जोडलेल्या बायकांचं खातं असतंच. करडं विकायचा निर्णयही मग तिच्याशी बोलल्याशिवाय होत नाही, आणि घरातल्या पुरुषानं बाजारच्या दिवशी गरज नसताना करडू काढणं आपोआप थांबतं.

वही एकच, पण तीन भागांची: डाळ, शेळ्या, कोंबड्या. घरच्या अंड्यांची आणि घरात खाल्लेल्या डाळीचीही नोंद करा, बाजारभावानं. घरच्या माणसांच्या तासांना गावातली मजुरी लावून बघा. मजुरी धरल्यावर एखादा धंदा तोट्यात गेला, तरी तो लगेच बंद करायचा असं नाही. तो पैसा कोणत्या महिन्यात आला, ते आधी बघा.

पहिलं वर्ष कोणत्या क्रमानं

जानेवारीत तूर आली की एक क्विंटल बाजूला काढा. फेब्रुवारी-मार्चमध्ये भरडून घ्या आणि ओळखीच्या पाच घरांना द्या. शिजवून बघितल्यावर काय म्हणतात ते विचारा, आणि जमलं तर उरलेली तूर मार्च संपायच्या आत भरडा. त्याच उन्हाळ्यात बांधाला शेवरीचे खड्डे घ्या, पाऊस पडला की लावायला. कोंबड्या मार्चनंतर आणू नका, उन्हाळ्यात पिल्लं टिकत नाहीत. त्या पावसाळा संपल्यावर, ऑक्टोबरात. शेळ्या सोयाबीनचे पैसे आल्यावर नोव्हेंबरात घ्या: चारा असतो, रोगराई कमी असते, आणि मे महिन्यापर्यंत तुम्हाला त्यांच्या सवयी कळलेल्या असतात. गाभण घेतलेल्या शेळ्या मधेच वितील. ती करडं ठरलेल्या वेळेच्या बाहेरची, ती शिकण्यासाठी समजा. मे-जूनपासून वेळापत्रक आपल्या हातात येतं.

दुसऱ्या वर्षी डिसेंबरात बारा महिन्यांचा कागद पुन्हा काढा. आडत्याची उचल निम्म्यावर आली असेल तर शेळ्या चारच्या सहा करा, आठ नको. उचल तेवढीच असेल तर काही वाढवू नका, आधी पैसा कोणत्या महिन्यात गळतोय ते वहीत शोधा.